बोन्सायची मूळकूज आणि घाटाखालची काळी माती

बोन्सायची कला चीनमधून जपानमध्ये कशी गेली, फांद्यांना तार कशी गुंडाळतात आणि कोणत्या झाडाची कोणती शैली, हे श्रोत्यांना ठाऊकच असल्याने त्याची उजळणी येथे अनावश्यक ठरते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मूळकूज हा आहे आणि त्यातील मुख्य प्रतिपादन आरंभीच मांडणे इष्ट होय: कुंडीतील मूळकूज बहुतेक वेळा मातीतून सुरू होते, बुरशी तेथे मागाहून पोहोचते, आणि म्हणून तिचे पहिले औषध फवारणीच्या पंपात नसून चाळणीत आहे.

मुळे श्वसन करतात व त्यांना लागणारा प्राणवायू मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून मिळतो. पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो, त्यामुळे त्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांची टोके गुदमरतात, मरतात, आणि मेलेल्या ऊतींवर सूक्ष्मजीवांची वाढ होते. अशा झाडाची पाने माती ओली असतानाही मान टाकतात, कारण पाणी शोषणारी मुळेच उरलेली नसतात. मालक मात्र झाड तहानलेले समजून आणखी एक तांब्या ओततो. मनीप्लांट बाटलीतल्या पाण्यात वर्षानुवर्षे जगतो तो कसा, असा प्रश्न पुढच्या रांगेतून लगेच आला आणि सभागृहात हशाही पिकला. परंतु शंका रास्त आहे. बाटलीतली मुळे पाण्यातच फुटून त्या स्थितीशी जुळवून घेतात आणि पाणी बदलताना त्यांना ताजा प्राणवायू मिळतो, तर कुंडीतल्या साचलेल्या पाण्यात कुजणारे शेणखत असते व ते कुजवणारे सूक्ष्मजीव उरलासुरला प्राणवायूही संपवतात.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर मुरमाड, हलकी जमीन बरीच आढळते, तर घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, खोल काळी माती पसरलेली आहे. या मातीत ०.००२ मिलिमीटरहून सूक्ष्म असे चिकणकण फार असतात. ते पाण्याने फुगतात व उन्हाने आकसतात, म्हणूनच वैशाखात शेतांना भेगा पडतात. शेतात ही माती कपाशीला आणि तुरीला तारते, कारण तिच्याखाली पाणी ओढून घेणारा खोल थर असतो. तीच माती दोन इंच खोलीच्या तबकात, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीत, भरली की पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि उन्हाळ्यात ती कडेपासून सुटून ओतलेले पाणी फटीतून थेट खाली जाते, गाभा कोरडाच राहतो. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागांतील खारपाणपट्ट्यात आणखी एक संकट आहे: बोअरच्या खाऱ्या पाण्यातील सोडियम चिकणकणांना एकमेकांपासून विलग करते, सुटे झालेले कण पोकळ्या बुजवतात, आणि बऱ्यापैकी भुसभुशीत मिश्रणही काही काळाने घट्ट होते. तेथील छंदिष्टांनी छतावरचे पावसाचे पाणी साठवून निदान बोन्सायपुरते वापरावे.

कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा जाड खडीचा थर दिला की निचरा होतो, ही समजूत जवळजवळ प्रत्येक घरात आहे. वस्तुतः बारीक मिश्रणातील पाणी जाड थरात सहज उतरत नाही. ते दोन्ही थरांच्या सीमेवर अडून राहते. निचऱ्यानंतरही तळाशी जो ओलाचिंब पट्टा उरतो त्याची उंची कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. समजा हा पट्टा ४ सेंटिमीटरचा आहे. २५ सेंटिमीटर खोल कुंडीत वर २१ सेंटिमीटर मोकळे राहतील, ६ सेंटिमीटरच्या तबकात फक्त २. बोन्साय इतर कुंड्यांहून लवकर का कुजते याचे उत्तर या हिशेबात आहे, आणि उपायही त्यातच आहे: कण मोठे करावेत. जपानी लोक भाजल्यासारखी कणीदार अकादामा माती वापरतात, पण ती मागवण्याची गरज या जिल्ह्याला नाही, कारण सारा जिल्हा ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाने वेढलेला आहे आणि लोणारचे विवरही त्याच पाषाणात खोदले गेले आहे. टणक मुरूम, क्रशरवरची बारीक खडी आणि झामा, म्हणजे जास्त भाजलेली वीट, फोडून २ ते ५ मिलिमीटरचे कण चाळून, धुऊन, धूळ फेकून द्यावी. त्यात थोडे पानखत पुरते. बोटाने चुरडणारा मुरूम घेऊ नये, तो वर्षभरात पुन्हा मातीच होतो.

येथे संत्र्याकडे वळणे आवश्यक ठरते, कारण विदर्भाला मूळकुजीचा धडा संत्र्याने दिला. खोडाच्या बुंध्यातून डिंक ओघळणे, पाने पिवळी पडणे, तंतुमुळांची साल सुटून आतला दोरा उरणे, या लक्षणांचा डिंक्या रोग संग्रामपूरच्या बागाइतदारांना अपरिचित नाही. त्याचे कारण असलेली फायटोप्थोरा ही खरी बुरशी नव्हे, तर शैवालांशी जवळीक असलेला जीव आहे. त्याचे बीजाणू दोन शेपट्यांनी मातीतल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. त्याच्याच एका जातीने १८४५ पासून आयर्लंडचा बटाटा नासवला. पोहणारा जीव पाण्यावाचून प्रवास करू शकत नाही, म्हणूनच बागेत दुहेरी आळे करतात, जेणेकरून ओलिताचे पाणी खोडाला लागू नये. कलमाचा डोळा जमिनीच्या बराच वर ठेवतात. आणि बुंध्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावतात. कार्बेन्डाझिम हे घरोघरी असलेले बुरशीनाशक या गटावर निष्प्रभ ठरते, तेथे मेटालॅक्झिलसारखे औषधच लागते, आणि हे माहीत नसल्याने कित्येक बोन्साय औषध पिऊनही मरतात.

संत्र्यावर इतका वेळ गेल्याबद्दल घड्याळाकडे पाहणाऱ्यांची कुजबुज सुरू झाली, तशातच बोन्साय हा झाडाचा छळ असल्याचा आक्षेपही मागून आला. त्याला ठाम उत्तर देणे भाग आहे: किल्ल्याच्या तटात उगवलेला पिंपळही मूठभर मातीतच जगतो, आणि मुळांची एवढी देखभाल अंगणातल्या झाडाच्या वाट्यालाही येत नाही, छळ होतो तो चिखलात बुडवलेल्या झाडाचा.

अध्यक्षांची चिठ्ठी आल्याने उपचार संक्षेपानेच सांगावे लागतात. संशय येताच झाड कुंडीतून काढून मुळे धुवावीत. पांढरी, टणक मुळे राखावीत, तपकिरी, मऊ व आंबूस वासाची मुळे निरोगी भाग दिसेपर्यंत स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावीत, आणि कात्री प्रत्येक छाटणीनंतर पुन्हा पुसावी. जुनी माती परत वापरू नये. मुळे घटली त्या प्रमाणात थोडी पालवी कमी करावी, झाड तारेने कुंडीला घट्ट बांधावे, कारण हलणाऱ्या झाडाची नवी मुळे तुटतात, आणि नवी पालवी येईपर्यंत सावलीत ठेवून खत मुळीच देऊ नये. वड, पिंपळ, उंबर या कुळातील झाडे हे सोसतात; जेड आणि अडेनियमच्या जखमा मात्र काही दिवस सुकू देऊनच लागवड करावी. पाणी वेळापत्रकाने न देता मिश्रणात खुपसलेली लाकडी काडी जवळजवळ कोरडी निघाल्यावर द्यावे. मृगाच्या सरींपूर्वी कुंडीखालच्या ताटल्या काढून टाकाव्यात, छिद्रे मोकळी आहेत का पाहावे, आणि झड लागली की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी करावी. तिरकी झाल्याने तिची उभी उंची वाढते आणि तळाशी अडलेल्या पाण्याचा बराच भाग खालच्या कोपऱ्यातील छिद्रातून निघून जातो.