काळ्या दगडावरून आकाश

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आठवीच्या सहलीत वेरूळला भूगोलाच्या सरांनी विचारले होते, "हा दगड आला कुठून?" कोणी म्हणाले नदीतून, कोणी म्हणाले डोंगरातून. सर म्हणाले, "आगीतून!" सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खन तयार झाले. त्याच थंड झालेल्या लाव्हात कैलास लेणे वरून खाली कोरले आहे. मी तेव्हा दगडी हत्तीच्या सावलीत डबा खात होतो, पण ते उत्तर डोक्यात राहिले.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी हवाई बेटावर गेलो. मुलीने आग्रह केला होता आणि मौना केआ पाहण्याचे माझेही जुने स्वप्न होते. हा ज्वालामुखी ४,२०५ मीटर उंच आहे. चहूकडे समुद्र असल्यामुळे वारा न घुसळता, एकसारखा वाहत येतो. ढग बहुधा खालीच अडतात, वर हवा कोरडी असते आणि गावांचे दिवेही फार नसतात. त्यामुळे ताऱ्यांची प्रतिमा स्थिर दिसते. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरही याच कारणांनी वेधशाळा आहेत. मौना केआवर केक वेधशाळेच्या दोन दुर्बिणी आहेत. प्रत्येकीचा आरसा १० मीटरचा, ३६ षटकोनी तुकड्यांचा.

पण मी माथ्यावर पोहोचलोच नाही. पायथ्याशीच रस्ता बंद होता. नियोजित ३० मीटर दुर्बिणीला विरोध म्हणून स्थानिक लोक जुलैपासून तिथे बसले होते. पुढे वडीलधारी मंडळी होती. खरे सांगतो, मला राग आला. एवढ्या लांब आलो, आणि विज्ञानाला अडवता?

एका आजीबाईंनी मला चहा दिला आणि विचारले, "तुमच्याकडे असा डोंगर आहे का, की ज्यावर काही बांधायच्या आधी तुम्हाला विचारले जावे असे वाटेल?" मला वेरूळ आठवले. घृष्णेश्वर आठवला. उत्तर देता आले नाही.

त्या भांडणात आपण परके नाही, हेही तिथेच जाणवले. त्या दुर्बिणीच्या प्रकल्पात भारत भागीदार आहे. तिच्या आरशाचे ४९२ तुकडे असणार, आणि त्यांतले काही घासून-पुसून तयार करण्याचे काम बेंगळुरूजवळ होस्कोटेला आहे. पुण्याच्या आयुकाचाही या प्रकल्पात सहभाग आहे. पुढे २०२२ मध्ये हवाईत कायदा झाला आणि पर्वताच्या देखभालीसाठी नेमलेल्या नव्या प्राधिकरणात मूळ हवाईवासीयांना स्थान मिळाले. वाद संपलेला नाही, पण विचारणे तरी सुरू झाले.

आता आपल्या दाराशी या. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एकमेकींना काटकोनात असलेल्या ४ किलोमीटरच्या दोन भुजा गुरुत्वीय लहरी टिपतील. दुर्बीण नसली तरी ती वेधशाळाच. ती जगाची असेल. ती आपली वाटावी, एवढेच माझे म्हणणे आहे. तिथे आपल्या मराठवाड्यातली मुले संशोधक म्हणून आत जावीत, आणि आसपासच्या गावांना तिथे काय चालले आहे हे त्यांच्या भाषेत कोणीतरी सांगावे.

म्हणून एक विनंती. आपल्या तुकडीने शाळेच्या कमानीसाठी पैसे गोळा केले आहेत. कमान व्हावीच. पण त्यातून थोडे बाजूला काढून एक आठ इंची दुर्बीण घेऊ या. शहरातल्या उजेडात फार दिसणार नाही. वर्षातून दोनदा मुलांना म्हैसमाळला नेऊ. माझा वाटा मी आजच देतो.

मात्र आधी मुलांना विचारू या, त्यांना काय हवे आहे. त्यांनी कमान निवडली, तरी माझे पैसे परत मागणार नाही.