जुन्या घाटाने पायी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला ‘कामगार आणि सुट्टी’ हा विषय सुचविला होता. तो मी जरा वाकवून घेतला आहे. सुट्टी मिळाली की कामगाराने काय करावे, याचे आम्ही चौघांनी गेल्या पौषात केलेले उत्तर तुमच्यापुढे मांडतो. पनवेल ते कार्ले आम्ही जुन्या रस्त्याने पायी गेलो. तीन दिवस लागले. द्रुतगती मार्गाने तेवढ्याला तासभर पुरतो, हे मला ठाऊक आहे. वाटेत एका बाईने पाणी दिले आणि विचारले, “दादा, गाडी चुकली काय?”

अशा रमतगमत प्रवासासाठी हल्ली लोक इटलीचे नाव घेतात. इंग्लंडातल्या कँटरबरीहून रोमला जाणारी एक जुनी यात्रेची वाट आहे. इसवी सन ९९० च्या सुमारास सिजेरिक नावाच्या धर्मगुरूने रोमहून परतताना आपल्या मुक्कामांची यादी टिपून ठेवली, मुक्काम ७९. त्या यादीच्या आधाराने आज माणसे टस्कनीच्या गावागावांतून चालतात. त्यांचे कौतुकच आहे. पण आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले, आणि झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहून परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाले. माझी शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या दारातल्या सभांत झाले. त्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

पळस्प्याला रस्ता फुटतो. उजवीकडे गोव्याच्या वाटेवर शिरढोण, वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात ते कारकून होते. आई अत्यवस्थ असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि शेवटची भेट चुकली, ही त्यांच्या चरित्रातली गोष्ट आपण लहानपणी ऐकतो व पुढच्या बंडाकडे वळतो. मी मात्र त्या रजेच्या अर्जापाशीच थांबतो. धंद्याची सवय म्हणा! १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला पुढील वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजेचा हक्क दिला. तो हक्क नसता तर आम्ही चौघे पळस्प्यापर्यंतही पोचलो नसतो.

चौकाच्या आसपास डाव्या हाताला इर्शाळगड दिसू लागतो. त्याच्या पायथ्याची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. गाडीच्या काचेतून तो एक सुंदर सुळका असतो. आम्ही तेथे बराच वेळ बसलो, कोणी फारसे बोलले नाही.

खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे. गावातच टाटांचे वीजघर. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली आणून १९१५ पासून येथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. नंतर चढ. हा घाट तोफांना चालता केला तो वेल्स्लीने १८०४ च्या सुमारास. गाड्यांचा पक्का रस्ता १८३० मध्ये झाला.

चढताना दम लागतो तेव्हा माणूस थांबतो, आणि थांबला की आगगाडीचे बोगदे दिसतात. १८५६ ला रेल्वे मुंबईहून खोपोलीपर्यंत आली, १८५८ ला वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंत सुरू झाली. मधला घाट उतारूंनी पालखीत, तट्टावर वा पायी काटायचा. तो जोडायला १८६३ उजाडले. ऐन भरात, १८६१ साली, ४२,००० माणसे या डोंगरात राबत होती. पटकीने किती गेली याची मोजदाद कोणी नीट ठेवली नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून येथे मजुरांनी दंगा केला. युनियन हा शब्दही त्यांच्या कानी गेला नसेल. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुरा करविला. ठेकेदाराचे नाव मिळते, त्याच्या विधवेचे मिळते, इंजिनियरांची मिळतात. त्या बेचाळीस हजारांतले एक नाव मला आजवर मिळालेले नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी कार्ल्याची पायरी चढलो. कमानीच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांच्या आहेत, त्या सगळेच पाहतात. भिंतीवरचे ब्राह्मी लेख मात्र बहुतेकांना नक्षी वाटतात. वैजयंतीच्या भूतपाल शेठजीचे नाव तेथे आहे; दानशूर धनिकाचे नाव असणारच. धेनुकाकट गावच्या यवनांची नावे खांबांवर आहेत. आणि दाराजवळच्या एका लेखात म्हटले आहे, की हे दार धेनुकाकटच्या वेणुवासाचा मुलगा सामी याने केले. सामी कोण? वड्ढकी. म्हणजे सुतार. धंद्याने, बापाच्या नावानिशी त्याची नोंद आहे. ती खोदणाऱ्यांना सुताराचे नाव दगडावर घालण्यात काही कमीपणा वाटला नाही. खालच्या घाटात तेच दगड, तसेच हात, आणि मधे फक्त अठराशे वर्षांचे अंतर.

आमच्यातला एक जण पॅटर्न शॉपमध्ये सुतारकाम करतो. एरवी बडबड्या गडी, तेथे त्याने सामीचे नाव मला तीनदा सांगायला लावले आणि वहीत लिहून घेतले.

येत्या पौषात पुन्हा जायचे ठरले आहे. या खेपेस खंडाळ्याच्या बाजूने रेल्वेच्या जुन्या कबरी कुठे आहेत, कोणाच्या आहेत, ते शोधायचे आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. चपला जुन्याच घाला, पाण्याची बाटली मोठी घ्या, आणि रजेचा अर्ज मात्र आधी टाका.