आगगाडीच्या खिडकीतून वेल्स

आज मी तुम्हाला एका आगगाडीत बसवणार आहे. तिकिटाची काळजी करू नका. खरं तिकीट काढायचं म्हटलं, तर आपल्यापैकी पुष्कळांची वर्षाची कमाई त्यात जाईल. पण रेडिओच्या गाडीला तिकीट लागत नाही. तेव्हा या, बसा.

गाडीचं नाव ब्रिटानिक एक्स्प्लोरर. २०२५ च्या जुलैत ती लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून सुरू झाली. इंग्लंड आणि वेल्स या मुलखातली ही अशा थाटाची पहिलीच शय्यागाडी. आपल्याकडे २००४ साली 'डेक्कन ओडिसी' निघाली, तिचीच ही विलायती बहीण समजा. झोपायच्या खोल्या अवघ्या १८. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर. जेवणाचे डबे वेगळे, आणि नुसतं बाहेर बघत बसायला म्हणून एक डबा वेगळा. तीन रात्री मुक्काम गाडीतच. तिच्या वाटांपैकी एक वेल्सकडे जाते. आपण तीच धरू, आणि ऋतू निवडू पानझडीचा, म्हणजे ऑक्टोबरचा. दक्षिण वेल्सच्या मुख्य लोहमार्गानं थेट पश्चिम समुद्रापर्यंत जाऊ.

वेल्स हा मुलूख केवढा? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या साधारण सव्वापट. माणसं तीस लाखांच्या थोडी वर, आणि मेंढ्या माणसांच्या जवळजवळ तिप्पट! त्यामुळं खिडकीतून बघाल तिकडं हिरवी कुरणं आणि त्यांवर सांडलेल्या लाह्यांसारख्या मेंढ्या.

पण वेल्समध्ये शिरायचं तर आधी अंधारातून जावं लागतं. सेव्हर्न नदीच्या रुंद मुखाखालून सात किलोमीटरांचा बोगदा आहे. तो १८८६ साली खुला झाला. खोदताना १८७९ साली जमिनीतला एक मोठा झरा फुटला आणि सगळं काम पाण्याखाली गेलं. तो झरा अजून वाहतो आहे. आजही तिथं रोज कोट्यवधी लिटर पाणी पंपानं उपसावं लागतं. विहिरीला पाणी लागावं म्हणून देव पाण्यात ठेवणाऱ्या आपल्याला याची मोठी गंमत वाटेल.

बोगद्यातून बाहेर पडलो की स्थानकांच्या पाट्या बघा. प्रत्येक पाटीवर दोन नावं आहेत. इंग्रजीत न्यूपोर्ट, वेल्श भाषेत कासनेविध, म्हणजे नवा किल्ला. इंग्रजीत कार्डिफ, वेल्शमध्ये काइरडीध, म्हणजे टॅफ नदीवरचा कोट. इंग्रजीत स्वॉन्झी, वेल्शमध्ये अबेरटावे, म्हणजे टावे नदीचं मुख. 'अबेर' म्हणजे नदी जिथं समुद्राला किंवा दुसऱ्या नदीला मिळते ती जागा. 'काइर' म्हणजे कोट, 'पाँट' म्हणजे पूल, 'ल्लान' म्हणजे देवळाभोवतीचं गाव. आपण नाही का, नावात 'गड' आला की डोंगर ओळखतो आणि 'वाडी' आली की चार घरं? तसंच हे. इंग्रजी नाव वाचलंत तर स्थानक कळेल, वेल्श नाव वाचलंत तर जमीन कळेल.

कार्डिफला उत्तरेकडून टॅफ नदी येते. तिच्या खोऱ्यात मर्थर टिडविलजवळ पेनिडॅरन नावाचा लोखंडाचा कारखाना होता. २१ फेब्रुवारी १८०४ या दिवशी रिचर्ड ट्रेव्हिथिक यानं तिथून रुळांवर वाफेचं इंजिन चालवलं. दहा टन लोखंड आणि सुमारे सत्तर माणसं घेऊन ते नऊ-दहा मैल चाललं. वेळ लागला चार तास. इंजिनाच्या वजनानं बिडाचे रूळ मात्र फुटले! मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुटली, त्याच्या एकोणपन्नास वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणजे आज आपण गादीवर रेलून ज्या मुलखातून चाललो आहोत, तिथं रूळ आले ते लोखंड आणि कोळसा वाहायला. १९१३ साली एकट्या कार्डिफ बंदरातून एक कोट टनांहून अधिक कोळसा बाहेर गेला.

त्या कोळशाची किंमत कुणी दिली, तेही सांगायला हवं. माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, हे विशेष तुमच्यासाठी. याच टॅफच्या खोऱ्यात अबेरवान नावाचं गाव आहे. गावावरच्या डोंगरात खाणीतला टाकाऊ मातीदगड ढिगानं टाकला जाई. एक ढीग तर झऱ्यावरच रचलेला. पानझडीचेच दिवस होते. २१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ. मुलं नुकतीच वर्गात बसली होती. पावसानं भिजलेला तो ढीग सुटला आणि खालच्या प्राथमिक शाळेवर आला. १४४ माणसं गेली. त्यांत ११६ मुलं आणि पाच शिक्षक. चौकशी झाली आणि दोष सरकारी कोळसा मंडळावर आला. झऱ्यावर ढीग रचू नये, हे सांगायला काही मोठी विद्या लागत नाही. पण विद्या असणाऱ्यांनी ते ऐकायला हवं होतं.

आता त्या ढिगांच्या जागी गवत आहे. ऑक्टोबरात डोंगरउतारावरचं नेचं तांब्यासारखं लाल होतं, बीचची झाडं पिवळी पडतात, सकाळी खोऱ्यांत धुकं दाटतं. दृश्य सुंदर आहे, यात शंका नाही. मी एवढंच म्हणतो, की ते सुंदर गवत कशावर उगवलं आहे, हे ठाऊक असू द्यावं.

पुढं चला. स्वॉन्झी मागं पडलं की कारमार्दन येतं, वेल्शमध्ये काइरवर्धिन. इथून पूर्वी एक लोहमार्ग उत्तरेला अबेरिस्टविथ या समुद्रकाठच्या विद्यापीठाच्या गावाला जात असे. १९६५ साली त्यावरच्या उतारूंच्या गाड्या बंद झाल्या. तोट्यातले मार्ग काढून टाकायचे, अशी त्या काळची सरकारी योजनाच होती. गावाला गाडी नाही, म्हणून शिकलेला मुलगा शहरात राहिला. मुलगा शहरात राहिला, म्हणून घरात भाषा बोलायला कुणी उरलं नाही. अशी ही साखळी.

भाषेवर घाव त्याआधीच पडले होते. एकोणिसाव्या शतकात काही शाळांमध्ये वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची चकती अडकवत. दुसरं कुणी वेल्श बोलताना सापडलं की चकती त्याच्या गळ्यात. दिवसाच्या शेवटी ती ज्याच्याकडं असेल त्याला छड्या. १८४७ च्या सरकारी अहवालानं तर त्या लोकांच्या भाषेला त्यांच्या अज्ञानाचं मूळच ठरवलं.

पण त्याच अबेरिस्टविथ गावात १९३९ साली एक छोटी शाळा निघाली. सगळं शिक्षण वेल्शमधून. मुलं किती? सात! शिक्षिका एकच, नोरा आयझॅक नावाच्या बाई. आज वेल्समध्ये शेकडो शाळा वेल्श माध्यमाच्या आहेत, त्यांतली पहिली ही सात मुलांची.

आणि दुसरी गोष्ट तर आपल्या घरचीच, म्हणजे रेडिओची. १३ फेब्रुवारी १९६२ रोजी साँडर्स लुइस या लेखकाचं भाषण बी. बी. सी. नं प्रसृत केलं. विषय होता, भाषेचं भवितव्य. त्यांनी बजावलं, की असंच चाललं तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही भाषा जिवंत राहणार नाही. ते ऐकून तरुण मंडळी उठली. संघटना उभी राहिली. इंग्रजी पाट्यांना रंग फासला, काहीजण तुरुंगात गेले. १९६७ आणि १९९३ साली कायदे झाले. आज पाटीवर दुसरं नाव दिसतं, त्यामागं हे सगळं आहे.

लढाई जिंकली असं मात्र समजू नका. २०२१ च्या शिरगणतीत वेल्श येणारे लोक पाच लाख अडतीस हजार निघाले, म्हणजे शंभरात अठरा; दहा वर्षांपूर्वी ते एकोणीस होते. २०५० पर्यंत दहा लाख करायचे, असं तिथल्या सरकारनं ठरवलं आहे.

आता आपला मार्ग संपत आला. टेन्बीचा किनारा दिसू लागला. त्याचं वेल्श नाव आहे 'मासळीचा छोटा कोट'. ऑक्टोबरात या पेम्ब्रोकशरच्या खडकाळ किनाऱ्यावर राखी सील माद्या येऊन वितात. पांढऱ्या लोकरीची पिल्लं गोट्यांवर पडलेली असतात. लवकर मावळणारं ऊन समुद्रावर आहे, डब्यात दिवे लागले आहेत.

इथं उतरू या. गुरुजी, बाई, तुम्हाला एक विनंती आहे. उद्या वर्गात मुलांना गावातल्या ओढ्यांची, शेतांची, टेकड्यांची, पाणंदींची नावं विचारा. आजीआजोबांना विचारून यायला सांगा. कागदावर नसलेली वीस-पंचवीस नावं सहज मिळतील. ती वहीत उतरवून घ्या. वर्गाचा पट लहान असेल, तरी मन खट्टू करू नका. सात मुलांची शाळा आत्ताच आपण पाहून आलो. आणि गावकरी मंडळी, शाळेच्या वरच्या अंगाला कुणी काही रचत असेल, तर खाली झरा आहे का, ते आधी बघा.