कपाळावरची पट्टी आणि आईचा व्हिडिओ

डोक्याला एक पट्टी लावायची, ब्लूटूथ चालू करायचं आणि मोबाईलवर आपला मेंदू बघायचा, अशा जाहिराती तुम्हालाही दिसत असतील. मी ती पट्टी घेतली आहे. ज्या कामासाठी घेतली, त्यासाठी ती बनलेलीच नव्हती. तीच गोष्ट आज सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती.

माझा धाकटा भाऊ तेव्हा अकरावीत होता. एका सकाळी क्लासला निघताना दारातच थबकला. एकटक बघतोय, काहीतरी चघळल्यासारखे ओठ हलतायत, हाका मारल्या तरी ओ नाही. मिनिटभराने नॉर्मल झाला, पण आठवत काहीच नव्हतं. डॉक्टरांनी ईईजी काढला, रिपोर्ट क्लिअर आला. पंधरा दिवसांनी परत तेच. बाबा म्हणाले, "अगं, तू एवढी बीटेक झालीस, घरच्या घरी बघता येईल असं काही यंत्र नाही का तुमच्यात?" झालं, त्याच रात्री मी ऑर्डर टाकली.

आता यात असतं काय? मेंदूतल्या लाखो पेशी एकत्र काम करतात तेव्हा अगदी बारीक विद्युत दाब तयार होतो. कवटी आणि कातडी ओलांडून बाहेर येईपर्यंत तो काही दहा मायक्रोव्होल्ट उरतो. रिमोटमधल्या सेलचा दीड व्होल्ट घ्या आणि त्याचे तीस हजार भाग करा, त्यातला एक, साधारण एवढाच. जर्मनीत येना इथे हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून हा सिग्नल पहिल्यांदा नोंदवला. छापायला मात्र १९२९ उजाडलं. आणि २०११ मध्ये डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या लोकांनी इमोटिव्ह कंपनीचा १४ सेन्सरांचा हेडसेट नोकिया एन९०० फोनला जोडून मेंदूचं थ्रीडी चित्र फोनवर हलतं करून दाखवलं. भारी काम होतं ते, खरंच.

माझ्या पट्टीला सेन्सर चार. दोन कपाळावर, दोन कानांमागे. दवाखान्यात वीसेक लावतात, तेही जेल लावून, नीट मापं घेऊन.

पहिल्या दिवशी स्क्रीनवर नुसता कल्ला. नंतर कळलं, लॅपटॉप चार्जिंगला होता. आपल्या भिंतीतली वीज ५० हर्ट्झची आणि ॲपमधला फिल्टर अमेरिकेसारखा ६० वर ठेवलेला. तो बदलला, चार्जर काढला, मग जरा माणसात आलं. रविवारी आई भावाच्या डोक्याला तेल चोपडायची, त्या दिवशी कानांमागचे सेन्सर ठार बंद.

पण एक प्रयोग जमला. भावाला म्हटलं, डोळे मिट. काही सेकंदांत ८ ते १३ हर्ट्झच्या लाटा वर आल्या. डोळे उघडले, गायब. याच अल्फा लाटा, बेर्गरना दिसलेल्या, आमच्या साताऱ्याच्या हॉलमध्ये! अंगावर काटा आला माझ्या. तुमच्याकडे पट्टी असेल तर आधी हेच करून बघा. हे दिसलं नाही तर ॲपमधल्या 'एकाग्रता ७८' वगैरे आकड्यांकडे बघूच नका. ७८ म्हणजे काय ७८? एकक नाही, सूत्र सांगितलेलं नाही. प्रॉडक्टवाल्यांना स्क्रीनवर एक आकडा हवा असतो आणि आमच्यासारखे कोणीतरी तो देतात. मीही दिलेत असे आकडे, दुसऱ्या ॲपमध्ये.

मग ती रात्र आली. भाऊ पट्टी लावून अभ्यास करत होता आणि आईच्या फोनवर ग्राफ उसळला. ती किंचाळली. साडेअकराला बाबांनी गाडी काढली, दवाखाना गाठला. पोराला काहीही झालेलं नव्हतं. तो चिवडा खात होता! जबड्याचे स्नायू कानाजवळच असतात आणि त्यांचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा. दुसऱ्या दिवशी त्याचा केमिस्ट्रीचा पेपर होता, तो गेलाच.

त्यावर आम्ही हसलो असतो. पण आठवड्याभरात पट्टी डोक्यावर असतानाच त्याला खरा झटका आला. मी पुण्यात बसून ती फाईल उघडली आणि चिवड्याच्या फाईलशेजारी ठेवली. मला फरक सांगता येईना. झटक्यातही ओठ-जबडा हलतच होता ना! खाली मेंदूचं काही असलंच तर ते स्नायूंच्या गदारोळात बुडालेलं. दोन तास फिल्टर बदलत बसले. शेवटी लॅपटॉप बंद केला आणि रडले.

न्यूरोलॉजिस्टना ग्राफ दाखवले. त्यांनी शांतपणे बघितले आणि म्हणाले, "हे राहू दे. झटक्याचा व्हिडिओ आहे का?" नव्हता. घरात चार स्मार्टफोन, पण कॅमेरा चालू करायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

पुढच्या वेळी आईने काढला. पन्नास सेकंद. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला, मग रात्रभर जागवून कॅमेऱ्यासकट लांबलचक ईईजी करायला सांगितला. त्यात सापडलं, डाव्या कानशिलाकडून सुरू होत होतं. गोळ्या सुरू झाल्या.

पट्टीच्या खात्यातलं त्याचं रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. मुलाच्या मेंदूची नोंद कुठल्यातरी सर्व्हरवर पडून होती आणि मी अटी न वाचता 'सहमत' दाबलं होतं. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये इमोटिव्हला एका माजी सिनेटरचा असाच डेटा पुसायला लावला, ते वाचल्यावर मला जाग आली.

कोणाच्या घरी असं होत असेल तर एकाने त्याला सांभाळायचं. खाली पडला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेलं तर थेट दवाखाना. दुसऱ्याने फोन आडवा धरून चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं शूट करायचं, तो भानावर येईपर्यंत.

आईच्या व्हिडिओत अर्धा वेळ फरशी दिसते, हात थरथरत होता तिचा. मधेच तिचा आवाज येतो, "बाळा, इकडे बघ ना." आणि शेवटच्या पाच सेकंदांत तो बघतो.