संपलं ते गेलं कुठे?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय ‘घरातील हवा आणि आरोग्य’ असा छापलाय. दिल्लीचं धुरकं, चुलीचा धूर, उज्ज्वला योजना हे सगळं तुम्ही वर्तमानपत्रांत वाचता; त्यात वेळ घालवत नाही. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवून मला एकच खोड लागली. घरातली एखादी वस्तू ‘संपली’ असं कुणी म्हणालं, की मी विचारतो, संपली म्हणजे गेली कुठे? पदार्थ नाहीसा होत नाही, हे लाव्हॉझिएनं अठराव्या शतकात दाखवलं. आपण ते परीक्षेत लिहिलं आणि विसरलो.

कपाटातली डांबरगोळी घ्या. या दिवाळीला शालूच्या घडीत ठेवली, पुढच्या दिवाळीला नुसती पुडी उरली. ती वितळली नाही. नॅफ्थॅलीन वितळायला ८० अंश लागतात. तिची थेट वाफ झाली. वाफ कपाटातून खोलीत आली, आणि खोलीत तुम्ही होता. (हशा) हसा! पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली घरातल्या हवेसाठी मर्यादा सांगितल्या, त्यात बेन्झीन आणि फॉर्माल्डिहाइडच्या पंक्तीला नॅफ्थॅलीन बसलंय. वर्षाची सरासरी, घनमीटरला १० मायक्रोग्रॅम. त्यातून तान्ह्या बाळांना धोका जास्त. जी६पीडी नावाचं विकर काही बाळांत जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला गोळ्यांच्या वासाच्या दुपट्यात गुंडाळलं, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ होते. पणजीच्या हातचं दुपटं जपा. पण ते ठेवता त्या ट्रंकेत गोळ्या नकोत.

काय म्हणता? कसर लागेल? मग कपडे धुऊन, उन्हात वाळवून, घट्ट डब्यात ठेवा. तुमची कसर माझ्या फुप्फुसातून कशाला काढता? (हशा)

आता डासांची कॉइल. सकाळी बशीत राख उरते, बाकीची ‘संपली’. त्या कॉइलमध्ये कीटकनाशक शेकडा एक भागही नसतं. उरलेला असतो लाकडाचा भुसा, करवंटीची पूड, डिंक असला ऐवज. म्हणजे आपण रात्रभर उशाशी भुसा जाळतो. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले! पहिल्या रांगेतले आजोबा, सिगारेट सोडल्याचे पेढे वाटले होते ना तुम्ही? (हशा) डास चावू द्या असं मी म्हणत नाही. डेंग्यू मलाही नकोय. पण मच्छरदाणी आहे की. ती संपत नाही.

कुणी म्हणेल, खिडकी उघडली की झालं. इथे मला म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर आठवतात. राहत्या घरांतल्या हवेवर त्यांनी १८५८ साली पुस्तक लिहिलं. कार्बन डायऑक्साइड हजारात एक भागापर्यंत पोचला की खोलीची हवा वाईट, हे माप त्यांचं. आणि त्यांचं सांगणं असं, की खोलीत उकिरडा असेल तर वारा खेळवत बसू नका, आधी उकिरडा काढा. गृहस्थ विलक्षण हट्टी. जंतुशास्त्रज्ञ कॉख म्हणाले, कॉलरा जंतूमुळे होतो. हे म्हणाले, नुसता जंतू पुरत नाही, जमिनीचीही साथ लागते. सिद्ध करायला १८९२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, यांनी काय करावं? कॉलऱ्याच्या जंतूंचं द्रावण मागवलं, पोटातलं आम्ल आड येऊ नये म्हणून त्यात सोडा घातला आणि पिऊन टाकलं! थोडे जुलाब झाले, माणूस ठणठणीत. त्यांना वाटलं, आपण जिंकलो. कॉलऱ्याबाबत ते साफ चुकले होते, उकिरड्याबाबत नव्हते. शिवाय…

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! पेटेनकोफर माझाही वेळ पिऊन गेले. (हशा)

दुसरी चिठ्ठी श्रोत्यांतून आहे. ‘देवापुढची उदबत्तीही बंद करायची का?’ ताई, मीही रोज पूजा करतो, मला पाखंडी ठरवू नका. पण तीही संपते, आणि तिचाही धूरच होतो. देवाला एक पुरते, तीही खिडकीपाशी. जुडगा लावतो ती आपली हौस.

बाकीचं भराभर सांगतो. प्लायवूड आणि एमडीएफच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड हळूहळू सुटत राहतं, उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच. अमेरिकेत २००५च्या कॅट्रिना वादळानंतर बेघरांना सरकारनं ट्रेलरांत ठेवलं. २००८ साली तपासणीत त्या ट्रेलरांमध्ये नेहमीच्या घरांपेक्षा जास्त फॉर्माल्डिहाइड सापडलं, आणि उन्हाळ्याआधी माणसं हलवा असं सांगावं लागलं. तेव्हा सुतार गेल्या गेल्या गृहप्रवेश नको. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. एक्झॉस्ट पंखा दूध उतू गेल्यावर नव्हे, शेगडी पेटवतानाच लावा. आणि झाडं हवा शुद्ध करतात म्हणून ठेवलेल्या कुंड्या? ते दाखवणारा नासाचा १९८९चा प्रयोग बंद पेटीतला होता. साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशेब २०१९ साली मांडला गेला. मग तुम्ही बाल्कनीत राहायचं! (हशा)

अध्यक्ष उभेच राहिले. घरी गेलात की कपाटातल्या गोळ्या आजच बाहेर काढा. त्या टाकायच्या कुठे, असं विचारणार असाल, तर चालकांनी पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलवावं. (हशा, टाळ्या)