मुक्तिफौज: बाप्तिस्मा न देणारं चर्च

नगरला बूथ हॉस्पिटल म्हटलं की रिक्षावाला थेट दारात सोडतो. कोविडमध्ये तर ते घराघरात माहीत झालं. पण हे बूथ कोण?

1865 मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये विल्यम आणि कॅथरीन बूथ या नवरा-बायकोने गरीब वस्तीत प्रचार सुरू केला. 1878 मध्ये नाव पडलं साल्वेशन आर्मी, मराठीत मुक्तिफौज. 1882 मध्ये ती मुंबईत उतरली. इथे पाद्री नाहीत, कॅप्टन-मेजर आहेत. बायकांनाही पहिल्यापासून प्रवचनाचा हक्क. झेंड्यात लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, निळी किनार म्हणजे पावित्र्य, पिवळा तारा म्हणजे पवित्र आत्म्याचा अग्नी.

आता खरा मुद्दा. इथे बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजनही नाही! 1883 मध्ये बूथने ते थांबवलं. एक कारण अगदी साधं: दारू सोडलेल्या माणसाच्या हातात द्राक्षारसाचा प्याला कसा द्यायचा? दुसरं, विधी झाला म्हणजे माणूस बदलला असं नाही. बाकीचे ख्रिस्ती विचारतात, "येशूनेच सांगितलेलं तुम्ही कसं सोडता?" हा वाद आजही आहे.

मला दोन्ही बाजू पटतात. सर्टिफिकेट असून काम न येणारे मी ऑफिसात रोज बघतो. पण खूण लागतेच ना? बाप्तिस्मा गेला, तर युनिफॉर्म आला आणि झेंड्याखाली व्यसन न करण्याची शपथ आली.

तुम्हाला काय वाटतं? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!