न झालेल्या लढतीचा निकाल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुष्टियुद्धाच्या चाहत्यांना एक खोड असते. झालेल्या लढतींबद्दल ते जेवढे बोलतात, त्याहून अधिक हिरिरीने न झालेल्या लढतींवरून भांडतात. महंमद अली आणि रॉकी मार्सियानो यांच्यात कोण जिंकला असता, हे त्यांतले एक जुने आणि अजून न मिटलेले भांडण. मार्सियानो १९५६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा अली चौदा वर्षांचा शाळकरी पोरगा होता. दोघांची खरी गाठ पडणे शक्यच नव्हते. तरीही २० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतले लोक तिकिटे काढून चित्रपटगृहांत बसले आणि ही लढत त्यांनी पाहिली!

रेडिओवरून ही गोष्ट सांगताना मला विशेष गंमत वाटते, कारण तिचा उगमही रेडिओवरच झाला. मायामीचा मरे वोरोनर हा नभोवाणी निर्माता. १९६७ साली त्याने सोळा हेवीवेट विजेत्यांची एक काल्पनिक स्पर्धा योजली. जाणकारांकडून प्रत्येकाच्या गुणदोषांना आकडे लावून घेतले, ते संगणकाच्या हवाली केले आणि जे निकाल बाहेर आले त्यांचे धावते वर्णन, जणू लढत समोरच चालू आहे अशा थाटात, प्रसारित केले. अंतिम फेरीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला तेराव्या फेरीत लोळवले. अली मात्र आधीच जिम जेफ्रीजकडून हरून बाहेर पडला होता. अलीने चिडून वोरोनरवर दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. पुढे तडजोड झाली आणि त्यातून अली-मार्सियानो चित्रपटाची कल्पना निघाली.

अलीने होकार का दिला, हे समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. एप्रिल १९६७ मध्ये त्याने व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात भरती व्हायला नकार दिला. त्याचे विजेतेपद गेले, लढण्याचे परवाने गेले. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०, म्हणजे वयाच्या पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंत, त्याला एकही अधिकृत लढत मिळाली नाही. खऱ्या रिंगणाची दारे बंद असलेला माणूस खोट्या रिंगणात उतरला, असेच म्हणायला हवे.

१९६९ च्या उन्हाळ्यात मायामीत चित्रण झाले. मार्सियानोने सुटलेले वजन उतरवले, विरळ केसांवर टोप चढवला. दोघांनी एकेक मिनिटाच्या सत्तरच्या आसपास फेऱ्या हात राखून खेळल्या. शेवटही निरनिराळे चित्रित केले; खरा निकाल कोणता हे दोघांनाही सांगितले नव्हते. मार्सियानोला तो कधीच कळला नाही. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, विमान अपघातात तो गेला. अमेरिकेतल्या पडद्यावर त्याने अलीला तेराव्या फेरीत बाद केले. युरोपात जी आवृत्ती दाखवली, तिच्यात मात्र अली विजयी झाला होता. लढत एकच, यंत्र एकच आणि निकाल दोन!

यावर हसून मोकळे होणे सोपे आहे. पण मला वाटते, तो सगळा खटाटोप एका मूळच्या गैरसमजावर उभा होता. प्रत्येक योद्ध्याच्या अंगात ताकदीचा एक ठरावीक साठा असतो, तो मोजला, दुसऱ्याच्या साठ्याशेजारी ठेवला की निकाल मिळाला, असा तो समज. वजनकाट्यावर पोती तोलावीत तसे. मुष्टियुद्ध असे चालत नाही, याचा पुरावा पुढच्या चारपाच वर्षांतच सगळ्या जगाने पाहिला.

८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझियरने अलीला गुणांवर हरवले. २२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातल्या किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडले. आता शाळेतल्या गणिताप्रमाणे फोरमनने अलीचा चेंदामेंदा करायला हवा होता. तसाच बहुतेकांचा अंदाज होता. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत बाद केले. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला हरवावे, असे हे चक्र. मग या तिघांत मोठा कोण?

याचे उत्तर शैलीत आहे. ढोबळमानाने तीन प्रकारचे मुष्टियोद्धे असतात. एक लांबून खेळणारा. पायांवर नाचत रिंगणभर फिरतो, जॅब म्हणजे डाव्या हाताचा सरळ, झटपट ठोसा मारून समोरच्याला दूर ठेवतो. तो अली. दुसरा अंगाशी भिडणारा. वाकून, डोके हलवत, चार ठोसे खाऊन आत शिरतो आणि बरगड्यांवर मारा करून समोरच्याचे पाय जड करतो. तो फ्रेझियर. तिसरा एका घावात काम तमाम करणारा. तो फोरमन. भिडणारा लांबून खेळणाऱ्याला सतावतो, कारण खाली वाकलेल्या डोक्यावरून जॅब निघून जातो. पण घाव घालणाऱ्यापुढे तोच भिडणारा अडचणीत येतो. तो स्वतःच्या पायांनी ठोशाच्या वाटेत चालून येतो आणि त्याच्या वेगाने ठोशाचा जोर वाढतो. घाव घालणाऱ्याला लांबून खेळणारा दमवतो. चुकलेला प्रत्येक मोठा ठोसा मारणाऱ्याचीच शक्ती खातो. हा काही निसर्गनियम नव्हे. अलीने पुढे १९७४ आणि १९७५ मध्ये फ्रेझियरला दोनदा हरवले, आणि किन्शासात तर तो नाचला कमी, दोरांना टेकून मार झेलत बसला जास्त. पण भाकीत सुरू करायला ही चौकट उपयोगी आहे.

मार्सियानो हा भिडणाऱ्यांतला. ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ प्रतिस्पर्ध्याला बाद करून किंवा लढत थांबवायला लावून. हा आकडा ऐकला की पुढे बोलायचे धाडस होत नाही. तरी बोलायला हवे. २३ सप्टेंबर १९५२ रोजी जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तो पहिल्याच फेरीत खाली पडला होता. बारा फेऱ्यांअखेर सर्व पंचांच्या कागदावर तो मागे होता. तेराव्या फेरीत उजव्या हाताचा एक ठोसा बसला आणि तो जगज्जेता झाला. त्या काळी अशा लढती पंधरा फेऱ्यांच्या असत. १९८२ मध्ये लढतीतल्या माराने एका कोरियन मुष्टियोद्ध्याचा मृत्यू झाल्यानंतर त्या हळूहळू बारा फेऱ्यांवर आल्या. म्हणजे आजच्या नियमाने मार्सियानो ती लढत गुणांवर हरला असता आणि तो अजिंक्य आकडा राहिला नसता. माणूस तोच, ठोसा तोच. फेऱ्या तेवढ्या तीन कमी.

तेव्हा पैज लावण्यापूर्वी मी तीन प्रश्न विचारतो. फेऱ्या किती? कोणत्या सालचा मार्सियानो? आणि कोणत्या सालचा अली?

समजा, १९५२ चा मार्सियानो आणि नोव्हेंबर १९६६ चा, क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा अली. फेऱ्या पंधरा. अली सहा फूट तीन इंच, मार्सियानो जेमतेम पाच फूट दहा. हातांच्या पल्ल्यात सुमारे दहा इंचांचा फरक. वजनात अली पंचवीसेक पौंडांनी जड. आजच्या वजनगटांत मार्सियानो हेवीवेट न ठरता त्याच्या खालच्या गटात गेला असता. शिवाय त्याची कातडी फाटायची. १९५४ मध्ये एझार्ड चार्ल्सविरुद्ध त्याचे नाक चिरले होते आणि लढत थांबते की काय अशी वेळ आली होती. अलीचा जॅब अशा जखमा करण्यात तरबेज. अलीचे मर्म होते ते प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या हुकपाशी, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशापाशी. १९६२ मध्ये सनी बँक्सने, १९६३ मध्ये हेन्री कूपरने आणि १९७१ मध्ये फ्रेझियरने त्याला पाडले ते याच ठोशाने. मार्सियानोचे मुख्य अस्त्र होते उजव्या हाताचे. माझे भाकीत असे, की अली स्पष्ट गुणांवर जिंकेल किंवा जखमांमुळे पंच दहाव्या फेरीनंतर लढत थांबवतील. मार्सियानोला संधी शेवटच्या तीन फेऱ्यांत. ती खरी आहे, पण लहान आहे.

आता १९७१ चा अली घ्या. साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या सुट्टीनंतरचा. डोळा तोच, हात तेच. पाय मात्र पंधरा फेऱ्या साथ देईनात, म्हणून तो दोरांना टेकू लागला. दोरांना टेकलेला माणूस म्हणजे मार्सियानोच्या दृष्टीने चालून आलेले ताट. तिथे पैज लावायचीच झाली, तर मी मार्सियानोवर लावीन.

माझ्या मते या जुन्या भांडणातली खरी चुटपुट इथे आहे. अली १९६७ ते १९७० या वर्षांत कसा खेळला असता, ते ना पंचांनी पाहिले ना प्रेक्षकांनी. सर्वोच्च न्यायालयाने जून १९७१ मध्ये त्याची शिक्षा एकमताने रद्द केली, पण पायांतली ती वर्षे कोणते न्यायालय परत देणार? पाय चालत होते तोवर तो ठोसे चुकवत होता. पाय मंदावल्यावर तो ते सहन करू लागला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचे निदान झाले आणि २०१६ मध्ये तो गेला. त्या दुखण्याला किती ठोसे कारणीभूत होते याचा हिशेब मी मांडणार नाही. वोरोनरच्या यंत्राने ठोशांना आकडे लावले. ठोसे खाणाऱ्याचा आकडा मात्र त्यात नव्हता.

तेव्हा पुन्हा कुणी हा वाद काढला, तर त्याला आधी साल विचारा. १९६६ म्हणाला तर अली. १९७१ म्हणाला तर मार्सियानो. आणि साल सांगायची तयारीच नसेल, तर त्याला निकाल नको आहे, नुसता वाद हवा आहे असे समजा.